किरमिजी किडीवर जगणारी अळी

घाटे अळी, बोंड अळी, लष्करी अळी. आपल्या ओळखीची पतंगाची अळी म्हणजे पिकावर ताव मारणारी. उत्तर अमेरिकेतल्या लेटिलिया कॉक्सिडिव्होरा या पेराएवढ्या करड्या पतंगाची अळी मात्र मांसाहारी आहे. खवले कीड आणि पिठ्या ढेकणाच्या गोतावळ्यातले किडे हे तिचं अन्न.

अमेरिकी कृषी खात्यात काम करताना जॉन हेन्री कॉमस्टॉक यांनी १८७९ मध्ये या पतंगाचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यांनी त्याला 'डाक्रूमा' प्रजातीत घातलं होतं. ते नाव पुढे बदललं, पण खवले किडी खाणारा या अर्थाचं 'कॉक्सिडिव्होरा' टिकून राहिलं.

या अळीचं आवडतं खाद्य कोचिनील, म्हणजे निवडुंगावर जगणारी एक खवले कीड. फड्या निवडुंगाच्या फडावर तिचे कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात; एक पुंजका बोटाने चिरडला की बोट लालभडक होतं. मेक्सिकोतले लोक रंगासाठी ही कीड जोपासत आले होते. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी हा रंग युरोपात नेला आणि त्यावर बक्कळ पैसा केला. वाळलेली कीड इतकी बारीक की युरोपात कित्येकांना ते बी वाटे. (आपला 'किरमिजी' शब्दसुद्धा अशाच एका रंग देणाऱ्या किडीच्या नावावरून आलेला.) १७९५ मध्ये इंग्रजांनी ब्राझीलहून कोचिनील म्हणून भारतात आणली ती भलतीच जात निघाली. रंग जेमतेम, निवडुंगाचा मात्र तिने फडशा पाडला.

पण किडीला हा लाल रंग हवा कशाला? याचं उत्तर मिळायला १९८० साल उजाडलं. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आइस्नर, जेरॉल्ड माइनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातलं कार्मिनिक आम्ल मुंग्यांना नकोसं होतं. कॉमस्टॉकही कॉर्नेलचेच, पतंगाला नाव देणारे आणि त्याच्या अळीचं गुपित उलगडणारे, दोघे एकाच घरचे.

गुपित असं की कार्मिनिक आम्लाने अळीचं काही बिघडत नाही. फडावर रेशमी धाग्यांचं आवरण विणून ती त्याच्या आडोशाने कोचिनील फस्त करते आणि गिळलेला रंग पोटात बाळगते. मुंगी डसायला आली की अळी तोंड तिच्याकडे वळवून लाल थेंब ओकते. मग मुंगी मागे फिरते आणि अंग पुसत बसते.