ताठ कण्याचा सोबती

‘त्याच्या रक्तातच बंडखोरी आहे’ असं आपण सहज म्हणून जातो. राशीवरून बंडखोर ओळखून देणारेही आहेत, त्यांना सोडून देऊ. पण बंडखोरी खरंच रक्तात असती, तर शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय याने फरक पडायला नको होता. तो पडतो, आणि चांगलाच पडतो.

१९५०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी केलेला प्रयोग साधा होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिन्हींपैकी पहिलीएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचं. एकट्याला विचारलं तर शंभरात एकही चूक होणं मुश्कील. पण इथे बाकीचे सहा ते आठ जण आधीच पढवलेले. ते ओळीने, ठाम आवाजात, एकच चुकीची रेघ सांगतात. ज्याची परीक्षा आहे त्याची पाळी जवळजवळ शेवटी. तो पुढे झुकून कार्ड न्याहाळतो, ओशाळं हसतो. अशा १२३ जणांची ३६.८ टक्के उत्तरं बहुमताच्या मागे गेली. सुमारे पाव माणसं एकदाही हलली नाहीत. ती सगळी निर्धास्त होती असं मात्र नाही. आपलंच चुकत असावं असं वाटूनही काहींनी दिसलं तेच सांगितलं.

मला या प्रयोगाचा पुढचा भाग फार आवडतो. पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला लावलं, तर चुका पावपटीवर आल्या. त्याने बहुमताहून वेगळं, पण चुकीचंच उत्तर दिलं, तरीही त्या घटल्या! म्हणजे सोबती बरोबर असण्यापेक्षा एकमताला तडा जाणं मोलाचं. तो मध्येच बहुमताला जाऊन मिळाला, की चुका पुन्हा उसळल्या. पण काम निघालं म्हणून खोलीतून उठून गेला, तर त्याने दिलेला धीर बराचसा मागे उरला.

असं का? एकमताचा दाब दुहेरी असतो. एक, ‘इतके जण चुकतील कसे?’ आणि दोन, ‘मी एकटाच वेडा ठरेन.’ १९५५मध्ये मॉर्टन डॉइच आणि हॅरोल्ड जेरार्ड यांनी लोकांना आडोशाला बसवून, नाव न कळता उत्तरं द्यायला लावली. चुका कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. लाज गेली, शंका उरली. सोबती दोन्हींवर एकदम घाव घालतो.

हुकमाचंही तेच. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगात, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके (खोटे, पण देणाऱ्याला ते ठाऊक नाही) द्यायला सांगितल्यावर ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. मग दोन पढवलेले साथीदार शेजारी बसवले. पहिला १५० व्होल्टला उठला, दुसरा २१०ला. आता शेवटपर्यंत गेले फक्त ४. थांबलेल्या ३६ जणांना नंतर विचारलं, तेव्हा बहुतेकांचं उत्तर होतं : ते दोघे नसते, तरी मी थांबलोच असतो.