अलास्काचा ब्लॅकफिश गोठून पुन्हा जिवंत होतो का?

अलास्काचा ब्लॅकफिश दगडासारखा गोठतो आणि वितळला की पोहायला लागतो, हे तुम्हीपण वाचलं असेल. ही गोष्ट १८८६ सालच्या टर्नर नावाच्या निसर्ग अभ्यासकाच्या पुस्तकातली, कुत्र्याने गोठलेला मासा गिळला, पोटातल्या उबेने तो वितळला आणि कुत्र्याने ओकल्यावर जिवंत निघाला म्हणे!

पण हे खरं नाही हो. नंतर प्रयोग झाले, पूर्ण गोठवलेले मासे मेलेच. अंगाचा थोडासा भाग गोठला तर काही वेळ हालचाल दिसते, तेवढंच.

खरी गंमत वेगळीच आहे आणि मला ती जास्त भारी वाटते. ४ अंशाचं पाणी सगळ्यात जड, ते खाली बसतं, बर्फ वर तरंगतो, म्हणून पुरेसं खोल तळं तळापर्यंत गोठत नाही. तिथे खरा धोका थंडीचा नसून ऑक्सिजन संपण्याचा असतो, बर्फावर स्नो साचला की उजेड अडतो आणि पाणवनस्पती ऑक्सिजन बनवणं थांबवतात. ब्लॅकफिशची अन्ननलिकाच फुफ्फुसासारखं काम करते, तो बर्फातल्या भोकाशी येऊन तोंडाने हवा घेतो आणि हिवाळाभर जागाच असतो!