पहिल्या दिवसाची धडधड आणि पाचव्या दिवसाची

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत गणेशोत्सवाच्या वक्तृत्व स्पर्धेत यंदा एक मुलगी भाषण करताना मध्येच अडखळून थांबली, आणि ‘नजर लागली’ इथपासून ‘मुळात स्वभावच घाबरट’ इथपर्यंतची निदाने मांडवात लगोलग झाली. नजरेबद्दल बोलण्यासारखे काही नाही. स्वभावाचा मुद्दा मात्र तपासण्याजोगा आहे.

जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रयोगशाळेत असाच ताण निर्माण करणारी एक चाचणी मांडली. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करायचे आणि नंतर पाच मिनिटे १०२२ मधून १३ वजा करत जायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

अशा वेळी छातीत होणारी धडधड चेतातंतू आणि अ‍ॅड्रिनलिन यांची असते आणि ती काही सेकंदांत सुरू होते. ताणाच्या वेळी वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची वाट लांबची आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला, तिच्याकडून रक्तावाटे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना असा निरोप जातो, त्यामुळे लाळेतील कॉर्टिसॉल टिपेला पोहोचते ते बहुधा प्रसंग संपून दहा-वीस मिनिटे झाल्यावर, म्हणजे वक्ता खाली येऊन आईशेजारी बसल्यावर. वाढलेले कॉर्टिसॉल मग हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका या दोघांनाही आवरते. ज्या संप्रेरकाला स्वतःचा लगाम आहे, ते ‘उतरवणारी’ चूर्णे विकणाऱ्यांना हा लगाम बहुधा ठाऊक नसावा.

स्वभाव दिसतो तो पुनरावृत्तीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० निरोगी पुरुषांना हीच चाचणी पाच दिवस द्यावी लागली. तेरा जणांचे कॉर्टिसॉल पहिल्याच दिवशी चढले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या परीक्षकांची दखल घेणेच सोडले. सात जणांचे मात्र पाचही दिवस चढले. हे सात जण स्वतःला इतरांपेक्षा कमी आकर्षक मानणारे, आत्मसन्मान कमी असलेले आणि वारंवार खिन्न होणारे होते. पुढील विश्लेषणात असेही आढळले की, केवळ पहिल्या दिवसाच्या आकड्यांत स्वभावाशी असलेले हे नाते जवळपास दिसत नाही, कारण नवखेपणाचा धक्का ते झाकून टाकतो. अनेक दिवसांचे आकडे एकत्र केल्यावरच ते वर येते.

प्रयोग लहान होता आणि त्यात स्त्रिया नव्हत्या, हे खरे. तरीही एका भाषणावरून स्वभाव ठरवणाऱ्यांना निदान आणखी काही स्पर्धा थांबावे लागेल.