पवित्रा आणि पदन्यास : मुष्टियुद्ध व इतर लढाऊ कला

लढताना पाय कसे रोवावेत हा पवित्रा. ते कसे हलवावेत हा पदन्यास. मुष्टियुद्धाच्या वर्गात ‘फुटवर्क’ शिकवतात, कराटेच्या वर्गात ‘दाची’, म्हणजे उभे राहण्याची ठेवण. त्यावरून एक विद्या हलण्याची आणि दुसरी उभे राहण्याची, असा समज रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. दाची म्हणजे पडत असलेले पाऊल एका क्षणी थांबवून दाखवणे. मराठी शब्दात ही फारकत नाही : लाठीकाठीत पवित्रा घेतात तसा बदलतातही, आणि पवित्र्यांचा सराव हा पावलांचाच सराव असतो. (वर्तमानपत्रांनी हा शब्द पुढाऱ्यांच्या ‘आक्रमक पवित्र्या’साठी राखून ठेवला आहे, त्याला इलाज नाही.)

मुष्टियोद्ध्याची नेहमीची ठेवण अशी : डावा पाय पुढे, उजवा साधारण खांद्याइतक्या अंतरावर मागे, पुढचे पाऊल किंचित आत वळलेले, मागची टाच उचललेली, गुडघे सैल. डावखुरा याच्या उलट उभा राहतो. ज्या दिशेला जायचे त्या बाजूचा पाय आधी निघतो, दुसरा तेवढाच सरकत मागून येतो. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. हीच चाल केंडो या जपानी तलवारविद्येत ओकुरी-आशी, ज्युदोमध्ये त्सुगी-आशी आणि कराटेमध्ये योरी-आशी या नावांनी शिकवतात. तलवारबाजीत पुढे-मागे होण्याची रीतही तीच. कारण साधे आहे. पाय ओलांडताना दोन्ही पावले क्षणभर एका रेषेत येतात आणि बाजूने बसलेला धक्का पेलायला आधार उरत नाही.

हे तपासायची युक्तीही सगळीकडे सारखीच : शिक्षक बोलता बोलता खांद्याला हलकासा धक्का देतो. पावले चुकली असतील तर मुलगा भेलकांडतो, आणि मग समजावून सांगायची गरज उरत नाही. नाशिकरोडच्या मुलांना रुळांचा दाखला पुरतो : एकेक पाय एकेका रुळावर, दोन्ही एकाच रुळावर नकोत.

साम्याची दुसरी जागा मनगटाशी आहे, आणि ती सहसा कोणी पाहत नाही. दांडपट्ट्याच्या मुठीत हात कोपराजवळपर्यंत लोखंडी आवरणात अडकतो. तलवारीसारखे मनगट फिरवता येत नाही. त्यामुळे वार फिरतो तो खांद्यातून, कमरेतून आणि शेवटी पायांतून. पट्टा खेळणारा सतत गिरक्या घेतो ती केवळ शोभा नव्हे. मुष्टियोद्धाही मनगटाला पट्टी गुंडाळून ते ताठ करतो आणि उजवा ठोसा मारताना मागच्या पायाचा चवडा जमिनीवर पिळतो. टाच बाहेर वळते, कंबर फिरते, मूठ सर्वांत शेवटी पोहोचते. सरावाच्या जुन्या बुटांत उजव्या बुटाचा तळ अंगठ्याच्या बुंध्याशी जास्त झिजलेला दिसतो, तो याचमुळे. (दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला.)

फरक पडतो तो नियमांमुळे आणि जमिनीमुळे. अठराव्या शतकात लंडनमध्ये मुष्टियुद्ध शिकवणारा जेम्स फिग तलवार आणि लाठीही शिकवत असे. मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटनच्या १७४३ च्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला कमरेच्या वर धरून पाडता येई, म्हणून त्या काळचे लढवय्ये अंग मागे रेलून, हात लांब धरून उभे राहत. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी पाडापाडी बंद केली, हातमोजे सक्तीचे केले. त्यानंतर वजन पुढे आले आणि हात हनुवटीजवळ. पुढच्या पायावर असा निर्धास्त भार फक्त तिथेच देता येतो, जिथे त्या पायाला कोणी हात लावत नाही. थाई बॉक्सिंगमध्ये त्याच पायावर लाथ येते, म्हणून तो हलका ठेवतात. तालमीत तर मुष्टियोद्ध्यासारखा उभा राहिलेला पहिलवान पहिल्याच झटापटीत एकेरी पट देऊन, म्हणजे पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या हाती देऊन बसेल. शिवाय आखाड्याच्या मऊ मातीत चवड्यावर फिरता येत नाही. पाऊल पूर्ण टेकवून, कमरेत वाकून, घासतच सरकावे लागते.

कराटेतील झेनकुत्सु-दाचीमध्ये पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ आणि दोन्ही टाचा जमिनीला. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत आत शिरणाऱ्या मुष्टियोद्ध्याला नेमक्या क्षणी थांबवले तर जवळजवळ हीच आकृती दिसते, फक्त आखूड आणि मागची टाच वर. किबा-दाची ही घोडेस्वारासारखी बैठक मात्र लढतीत क्वचितच दिसते. तिचे काम आपल्याकडच्या बैठकांसारखे, मांड्या घडवण्याचे. ब्रूस लीने मुष्टियुद्ध आणि तलवारबाजी या दोन्हींतून पावले उचलली, मागची टाच वर ठेवली आणि जोरकस हात पुढे आणला. स्पर्धेतील आजचे कुमिते, म्हणजे कराटेची लढत, पाहिले तर खेळाडू चवड्यांवर उसळत असतात. अंगावर गी हा कराटेचा पांढरा पोशाख नसता तर पायांवरून खेळ ओळखणे कठीण झाले असते.

नाशिकमध्ये पवित्र्याच्या अशा अनेक परंपरा शेजारी नांदतात. पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र १९०९ मध्ये येथे आले, आणि पोलिसाच्या हातची लाठीही पावलांशिवाय चालत नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांची भोसला मिलिटरी स्कूल १९३७ ची. जुन्या नाशकात तालमी आहेत, आणि कराटेचे वर्ग तर सोसायट्यांच्या गच्चीपर्यंत पोहोचले आहेत. त्यामुळे कराटे शिकून मुष्टियुद्धाकडे वळलेला मुलगा इथे नवलाचा नाही. त्याची पावले फारशी बदलावी लागत नाहीत, टाचही लवकर उचलली जाते. पण ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी खेचायची सवय हटत नाही, आणि तो हात हनुवटीपाशी राहायला लागेपर्यंत त्याला बरेच ठोसे खावे लागतात.