खडकांमधील घर्षण आणि कोयनेचे भूकंप

भूकंप होतो तेव्हा दर वेळी अखंड खडक नव्याने फुटतोच असे नाही. बहुधा जुन्याच भेगेच्या, म्हणजे प्रस्तरभंगाच्या, दोन बाजू एकमेकींवरून अचानक सरकतात. तोवर त्यांना धरून ठेवते ते घर्षण.

शहाबादी फरशीवर वीट ठेवावी, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधावी आणि पट्टी सावकाश ओढत राहावे. आधी नुसती पट्टी ताणते. मग वीट झटक्याने पुढे येते, पट्टी सैल पडते, वीट थांबते. उथळ भूकंपांमागे हीच ‘अडकणे-घसरणे’ क्रिया असावी, असे ब्रेस आणि बायर्ली या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. खडकाची लवचीकता हीच इथली पट्टी.

बहुतेक खडकांचा घर्षण गुणांक, म्हणजे सरकवायला लागणारे बल आणि पृष्ठभागांना दाबून धरणारे बल यांचे गुणोत्तर, ०.६ ते ०.८५ असतो, पण तो कायम एकच राहत नाही. पृष्ठभाग जितका वेळ टेकून राहतील तितकी पकड घट्ट होते. सरकण्याच्या वेगानेही ती बदलते. डीटरिक (१९७९) आणि रुईना (१९८३) यांच्या समीकरणांत हे दोन्ही येते. वेग वाढताना पकड सुटत गेली आणि भोवतालचा खडक पुरेसा लवचीक असला, तर घसरण आवरत नाही. एरवी भंग गुपचूप, संथ सरकत राहतो.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. सुमारे १८० माणसे गेली. तिथल्या कोयना धरणाच्या जलाशयाच्या वजनाने जमीन दबली म्हणून भूकंप झाला, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब सुमारे १३०० वातावरणे (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) असतो. शंभर मीटर पाणी त्यात जेमतेम दहाची भर घालते. मात्र भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना आतून रेटतो, आवळ सैल करतो आणि घर्षण घटते. इतक्या थोड्या बदलाने सरकायला भंग आधीच काठावर असावा लागतो.

पुढे सांगलीच्या शिराळा तालुक्यातील वारणा जलाशय भरल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडेही पसरला. कोयना परिसरातील गोठणे येथे अभ्यासासाठी ३ किमी खोल विंधन (भोक) घेतले गेले. तिथे काळ्या बेसाल्टचा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा आहे. धक्के उगम पावतात ते त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकात.