ईमेल लिस्ट : ऑनलाइन धंद्यातली

ज्यांनी स्वतःहून आपला ईमेल पत्ता देऊन 'मला पाठवत जा' असं सांगितलंय अशा लोकांची यादी, आणि ती जमवायचं काम. सोशल मीडियावरचं पेज उद्या बंद पडलं तरी हे पत्ते आपल्याकडेच राहतात, म्हणून ऑनलाइन धंद्यात नवीन आलेल्याला पहिल्या दिवसापासून लिस्ट जमवायला सांगतात. व्याख्येतला 'स्वतःहून' हा शब्द मात्र सगळे धरत नाहीत, आणि ही पद्धत नेमकी कधी सुरू झाली हा वादसुद्धा शेवटी त्याच शब्दाशी येऊन अडतो.

बरेच जण सुरुवात १९७८ पासून मोजतात. डीईसी ह्या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीच्या मार्केटिंगमधल्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट ह्या इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन नेटवर्कच्या छापील डिरेक्टरीतून पश्चिम किनाऱ्यावरच्या साधारण ४०० जणांचे पत्ते उचलले, ते हातानं टाइप करून घेतले आणि नव्या मशीनच्या डेमोचं आमंत्रण एकदमच सगळ्यांना धाडलं. पत्रावर तारीख १ मेची, पोचल्याची नोंद ३ मेची, त्यामुळे दोन्ही तारखा वाचायला मिळतात. पत्ते इतके होते की त्यांच्या रकान्यात मावलेच नाहीत, उरलेले खाली मजकुरात घुसले आणि त्या बिचाऱ्यांना पत्र गेलंच नाही. लोक भडकले, नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी तंबी दिली, पण मशीन विकली गेली असं थर्क पुढे सांगत राहिले. काहींच्या मते ही पहिली मार्केटिंग लिस्ट, बाकीच्यांच्या मते हा पहिला स्पॅम, म्हणजे न मागता गळ्यात पडलेला मेल, आणि खरं तर दोन्ही बाजू एकाच पत्राबद्दल बोलतायत.

दुसरं मत लिस्टसर्व्ह ह्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवतं. अर्पानेटवर चर्चेच्या मेलिंग लिस्ट १९७५ च्या सुमारास होत्याच, पण नाव घालायचं किंवा काढायचं तर कुणीतरी माणूस बसून ते करायचा. बिटनेट ह्या विद्यापीठांच्या नेटवर्कवर लिस्टसर्व्ह नावाची सोय १९८४-८५ च्या आसपास आली तीही तशीच हातानं चालणारी. १९८६ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक तोमा यांनी त्याच नावाचा नवा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात सभासदाला एक मेल पाठवून स्वतःच आत येता येऊ लागलं, स्वतःच बाहेर पडता येऊ लागलं. नोंदणीनंतर पुन्हा एकदा 'हो, मीच' असं विचारायची पद्धत, जिला आज डबल ऑप्ट-इन म्हणतात, तीही ह्याच प्रोग्रॅममध्ये १९९३ मध्ये आली असा तोमा यांच्या कंपनीचा दावा आहे. धंद्याशी ह्याचा तेव्हा काही संबंध नव्हता हे खरं, तरी आजच्या लिस्टचं मूळ इथं मानणं जास्त बरोबर वाटतं, कारण थर्क यांच्याकडे पत्ते होते, परवानगी कुणाचीच नव्हती.

नवशिक्याचं काम तसं सोपं. वेबसाइटवर एक फॉर्म, त्याबदल्यात काहीतरी फुकट, ज्याला लीड मॅग्नेट म्हणतात. घरगुती मसाले विकणाऱ्या बाईंनी चार रश्श्यांच्या कृतींची पीडीएफ दिली तर तिच्यासाठी पत्ता देणारी माणसं मसाल्याचीच असतात, तिथं फुकट मोबाइलची सोडत लावली तर मोबाइलवाले जमतात आणि मसाला कुणी घेत नाही. नोंदणी झाल्या झाल्या स्वागताचा मेल जायला हवा. पाठवायला मेलचिंपसारखी एकदम अनेकांना मेल धाडणारी सेवा लागते, साध्या जीमेलवरून बीसीसी करून, म्हणजे एकमेकांचे पत्ते न दिसता सगळ्यांना एकच मेल टाकून, भागत नाही, तिथं दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे आणि बाहेर पडायची लिंक आपोआप येत नाही. विकत मिळणाऱ्या रेडीमेड याद्या म्हणजे परत थर्क यांची डिरेक्टरीच, वर त्यात स्पॅम ट्रॅप असतात, म्हणजे स्पॅम पाठवणारे सापडावेत म्हणून मुद्दाम ठेवलेले पत्ते. त्यावर मेल गेला की पाठवणाऱ्याचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव, काळ्या यादीत जाऊ शकतं आणि मग ज्यांनी खरोखर नाव दिलंय त्यांनाही मेल पोचत नाही.

पोचण्याचं तंत्र हल्ली बरंच कडक झालंय. एसपीएफ सांगतं की ह्या डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात, डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं, आणि ह्या तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं, गूगलच्या हिशोबात मोठा म्हणजे जीमेलवर दिवसाला ५००० मेल. शिवाय एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली हव्यात, म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं की संपलं. मेल किती जणांनी उघडला ह्या आकड्यावर मात्र आता फार विसंबता येत नाही, तो आकडा मेलमधलं चित्र उतरवलं गेलं की नाही ह्यावरून काढतात, आणि २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असली तर ते माणसानं मेल उघडायच्या आधीच आतली चित्रं उतरवून घेतं, त्यामुळे न वाचलेलाही वाचलेला दिसतो.

कायदे देशागणिक वेगळे. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी मागत नाही, फक्त नको म्हटल्यावर कामाच्या १० दिवसांत थांबवा आणि टपालाचा पत्ता द्या म्हणतो. कॅनडात २०१४ पासून आधी संमती लागते, युरोपातही साधारण तसंच, त्यात २०१८ च्या जीडीपीआर ह्या डेटा संरक्षण कायद्यानं संमतीची व्याख्या आणखी घट्ट केली. भारतात ट्राय ह्या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते, ईमेल त्यात येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ह्याच्या कक्षेत मात्र ईमेल पत्ताही येतो, त्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं असं आहे.

महाराष्ट्रात छोटा धंदेवाला आधी व्हॉट्सॲपकडेच वळतो. त्यातल्या ब्रॉडकास्ट लिस्टला २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणजे परवानगी इथंही आलीच, फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. मराठीत मेल पाठवताना विषयाची ओळ आतून सांकेतिक रूपात बदलून जाते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. डॉट भारत हे डोमेन देवनागरीत २०१४ ला आलं, त्याच वर्षी जीमेलही देवनागरी पत्त्यांशी मेल देवाणघेवाण करू लागलं, पण नोंदणीचे कितीतरी फॉर्म असा पत्ता अजून चुकीचा म्हणून परत पाठवतात आणि मग रोमन पत्ताच टाकावा लागतो.