आजीचं लुगडं नातीच्या लग्नात

लग्न ठरलं की इंदूरच्या मराठी घरांतली खरेदी शीतलामाता बाजारातून सुरू होते. त्याआधी एकदा घरातली जुनी पेटी उघडा, अशी आमची विनंती आहे. पणजीचा शालू, आजीची पैठणी, आजोबांचा सोवळ्याचा रेशमी कद, मावशीने जपलेली माहेश्वरी, कुणाच्या तरी मुंजीतलं उपरणं, यातलं काही ना काही बहुतेक घरांत निघतंच. असं कापड लग्नाच्या विधींत पुन्हा वापरता येईल अशा रूपात तयार करून देणं, हे आमच्या छोट्या कारखान्याचं काम. आमच्याकडे येण्याआधी घरात काय बोलून घ्यावं, आणि आम्ही काय करतो व काय करत नाही, ते या पत्रकात सांगितलं आहे.

आधी माणूस ठरवा, मग वस्तू

पुष्कळदा ग्राहक येतात ते सजावटीची कल्पना घेऊन. स्टेजच्या मागे आजीच्या साड्या लावायच्या, प्रवेशद्वाराशी जुने फोटो मांडायचे. ते दिसतं छान, पण पाहुणे दोन मिनिटं बघतात आणि जेवायला जातात. आमचा आग्रह असतो की जुनी वस्तू विधीत यावी आणि कुणाच्या तरी हातात यावी. आपल्या लग्नात तशा जागा भरपूर आहेत. अंतरपाट दोघांना धरावा लागतो. मामा मुलीला मंडपात आणतो. वराच्या उपरण्याची आणि वधूच्या शेल्याची गाठ बांधायला बहुतेक घरांत वराची बहीण पुढे येते. गौरीहरापुढे मुलगी एकटी बसलेली असते, तेव्हा तिच्या खांद्यावर काय आहे हे तिला स्वतःला कळत असतं, बाकी कुणाला कळो न कळो.

म्हणून घरात पहिला प्रश्न असा विचारा: हे कापड कुणाचं, आणि लग्नात ते कुणाच्या हातून येणार? उत्तर मिळालं की काय शिवायचं ते आपोआप ठरतं. आणि एका लग्नात एक, फार तर दोन जुन्या वस्तू घ्या. दहा घेतल्या तर एकीचीही गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही.

अंतरपाट

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी अंतरपाटाची, आणि आमच्या मते जुन्या शालूला याहून योग्य जागा नाही. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, म्हणजे तेवढीच अंतरपाटाची उंची. लांबी सव्वादोन मीटर पुरते. काठ वर आणि खाली येतात, पदर एका टोकाला ठेवता येतो. मधे कुंकवाचं स्वस्तिक काढायची पद्धत असेल तर ते जुन्या रेशमावर काढू नका, डाग कायमचा राहतो. आम्ही पांढऱ्या सुती कापडाचा वेगळा चौकोन टाचून देतो, त्यावर गुरुजींनी खुशाल काढावं.

साडी कापावीच लागते असं मुळीच नाही. नऊवारी साडी घडी घालून, मागे मलमलीचं अस्तर देऊन, सैल धावदोऱ्याने तात्पुरती जोडता येते. लग्न झालं की टाके उसवून साडी जशीच्या तशी परत मिळते. मात्र घडी घातलेला जरीचा शालू जड होतो. मंगलाष्टकं आठवर थांबत नाहीत, मावशी-काकांनी रचलेलीही म्हटली जातात, आणि तोवर धरणाऱ्यांचे हात भरून येतात. यासाठी वरच्या कडेला आम्ही नाडीची पट्टी शिवतो, तिच्यात हलकी काठी सरकवता येते. वर उंच असेल तर आधी सांगा, पट्टी त्या मापाने वर घेतो.

मंगलाष्टकांचा विषय निघालाच आहे तर एक सुचवतो. घरातल्या कुणी तरी एक नवं मंगलाष्टक लिहावं. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीला १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. त्यात आजोळचं गाव, कुलदैवत, पणजी-पणजोबांची नावं गुंफता येतात. छापलेल्या पुस्तिकेतल्या सात कडव्यांनंतर आपल्या घरची नावं ऐकू आली की मंडपातली कुजबुज थांबते.

माहेश्वरी असेल तर

महेश्वर इथून साधारण ९० किलोमीटर. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ नंतर तिथून राज्यकारभार पाहिला आणि तिथे विणकर वसवले, त्यांच्यामुळे ही साडी आपल्या घरांत आली. पदरावर पाच आडवे पट्टे, तीन रंगीत आणि त्यांच्यामधे दोन पांढरे, ही तिची जुनी खूण. काठांवर किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी आणि नर्मदेच्या लाटा दिसतात. इंदूरच्या मराठी घराला आपला इतिहास अंगावर घ्यायचा असेल तर पैठणीइतकाच मान हिला द्यावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईच्या लग्नांची नक्कल करताना आपली ही वस्तू मागे पडते याचं वाईट वाटतं.

हलकी असल्यामुळे तिचा शेला उत्तम होतो. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल अशी विणलेली साडी असेल तर गाठ कशीही पडली तरी उलटी बाजू दिसत नाही. अनेक माहेश्वरी साड्यांत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. सूत पाण्यात आटतं, रेशीम तेवढं आटत नाही. म्हणून आणण्याआधी घरी धुऊ नका.

जर आणि रेशीम

खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तारेवर सोन्याचा मुलामा असतो. चांदी काळी पडते, तशी जरही पडते. ती उजळायला चिंच, लिंबू, टूथपेस्ट असलं काही लावू नका. मुलामा निघून जातो आणि परत येत नाही. मंद काळसर झालेली जर मंडपाच्या दिव्यांत सुंदरच दिसते. अत्तर आणि स्प्रे कापडावर मारू नका. आणि कुणी सराफ्यात नेऊन जर वजनावर विकण्याचा सल्ला दिला तर कृपा करून थांबा. गाळल्यावर हातात येते ती थोडीशी चांदी, आणि साडी कायमची जाते.

रेशीम बहुधा घडीच्या रेषेवर तुटतं, कारण वर्षानुवर्षं तीच घडी असते आणि जरीची तार तिथेच रेशमाला कापते. साडी उजेडासमोर धरा. घडीवर बारीक प्रकाशाच्या रेघा दिसल्या तर ती पुन्हा नेसण्याजोगी राहिलेली नाही असं समजा. अशा साडीला आम्ही मागून मलमल देऊन रफू करतो आणि तिचा अंतरपाट किंवा बटवा करतो. तिचा ब्लाउज शिवून मागितला तर आम्ही नाही म्हणतो. काखेत आणि पाठीवर ताण येतो, आणि फाटली तर ऐन लग्नात फाटेल.

जुनं वस्त्र विधीला चालतं का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि तो योग्य आहे. घराघराची रीत वेगळी असते. काही घरांत आजीचं रेशमी लुगडं सोवळ्याचं म्हणून आदराने घेतात, तर काही घरांत देवाच्या कार्याला कोरंच वस्त्र लागतं, आणि दिवंगत माणसाचं कापड तर नकोच असतं. इथे आमचं मत चालवू नका. गुरुजींना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. आजी हयात असेल तर तिला सगळ्यांच्या आधी. नको असं ठरलं तर रुखवतावरचा रुमाल, आहेराच्या पिशव्या, सुपारीचा बटवा, फोटोंच्या अल्बमचं वेष्टन, अशा कितीतरी जागा आहेत. गौरीहराची मामाकडची पिवळी साडी मात्र नवीच असू द्या, तो मामाचा मान आहे.

मामावरून आठवलं. इंदुरात आता बरीच लग्नं मराठी आणि माळवी, मारवाडी किंवा गुजराती घरांत होतात. दोन्हीकडचे विधी एकापुढे एक लावले की दिवस पुरत नाही आणि कुणाचंच समाधान होत नाही. अशा वेळी सारखं काय आहे ते शोधा. माळव्यात भाऊ बहिणीच्या मुलांच्या लग्नात मायरा, म्हणजे माहेरचा आहेर, घेऊन येतो, आपल्याकडे मामा पिवळी साडी आणतो आणि मुलीला मंडपात आणतो. दोन्ही घरांत आजोळचा मान मोठा. अशा लग्नांसाठी आम्ही दोन आज्यांच्या साड्यांचे काठ एकाच शेल्याला लावून देतो, एका बाजूला एकीचा, दुसऱ्या बाजूला दुसरीचा.

बहिणी तीन आणि साडी एक

पदर आम्ही कापत नाही. तो थोरलीकडे राहावा की धाकटीकडे, हे घरात ठरवा. अंगाचं कापड आणि काठ वाटून देता येतात. कात्री लावण्याआधी साडीवर हक्क सांगणाऱ्या सर्वांची लेखी संमती आम्ही घेतो. नात्यातल्या माणसांकडून कागद मागायला संकोच वाटतो, पण लग्नानंतर अबोला धरलेला पाहण्यापेक्षा तो बरा.

पेटीत जुन्या याद्या किंवा मोडीतली पत्रं सापडली तर तीही घेऊन या. जाणकाराकडून वाचून घेऊन त्यातली एखादी ओळ किंवा नाव आम्ही आतल्या अस्तरावर भरतकामात उतरवतो.

येताना

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की रफूगरांकडे रांग लागते, तेव्हा निदान तीन महिने आधी या. कापड प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणू नका, धुतलेल्या सुती चादरीत सैल गुंडाळा. इस्त्री करू नका. साडी कुणाची, कुठल्या प्रसंगाची, साधारण कुठल्या सालातली, हे एका कागदावर लिहून आणा. ज्यांना ते आठवतं त्यांनाच सोबत आणलंत तर फारच उत्तम. पायऱ्या चढणं जमत नसेल तर सांगा, आमचा माणूस घरी येईल. कापड पाहून खर्चाचा अंदाज आम्ही लेखी देतो, आणि काम करण्याजोगं नसेल तर तसं सांगून परत देतो. पाहण्याचे पैसे घेत नाही.